बाबांच्या भाजीत पावडर टाकू का?

यवतमाळ जिल्ह्यातून, पांढरकवड्याच्या बाजूच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. नाव छापू नका असं लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्र लांब आहे, त्यातलं लागेल तेवढंच देते.

"ताई, माझं वय २२, बाबा ४८ चे. घरी साडेपाच एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस अन् तूर. बैलजोडी एक. बाबा दहा वर्षांपासून पितात, पण मागच्या तीन वर्षांत ते रोजचं झालं. सकाळी उठले की हात असे कापतात की शर्टाची बटनं लागत नाहीत. एक पव्वा पोटात गेला की मग बटनं लावतात अन् वावरात जातात. दिवसाचे तीन-चार पव्वे होतात. मागच्या श्रावणात आईनं शेगावला नेऊन महाराजांसमोर शपथ घ्यायला लावली. दोन दिवस प्याले नाहीत. तिसऱ्या रात्री भिंतीवर उंदीर दिसतात म्हणून ओरडायला लागले, बाजेखाली काठी मारत बसले, आईलाही ओळखेनात. गावातल्या जाणत्यानं बाहेरची बाधा सांगितली. कोणीतरी अर्धा पव्वा पाजला तेव्हा शांत झाले. तेव्हापासून आई म्हणते, सोडली तर हा माणूस मरते, पिऊ दे.

मी मोबाईलवर जाहिरात पाहून एक पावडर मागवली. न सांगता भाजीत टाकायची, २१ दिवसांत दारू नकोशी होते म्हणे. पाकिटावर आत काय आहे ते लिहिलेलं नाही. आठ दिवस झाले, पाकीट माझ्या बॅगेत आहे. टाकू का? बाबांना दवाखान्याचं म्हटलं तर म्हणतात, पोळा झाला की पाहू.

अजून एक गोष्ट कोणालाच सांगितली नाही. मागच्या महिन्यात ते आईवर धावले तेव्हा मी त्यांना ढकललं, अन् खाली पडल्यावर मारलं. सकाळी त्यांना काहीच आठवत नव्हतं. मला आठवते. हा खरंच रोग आहे का, का नुसती मस्ती?"

बाळा,

पाकीट बॅगेतच राहू दे. फेकूनही देऊ नको, त्याचं एक काम आहे, ते पुढे सांगते. पण भाजीत, वरणात, चहात, कशातच जाऊ देऊ नको.

हे मी ऐकीव सांगत नाही. तीस वर्षांपूर्वी मी स्वतः हेच केलं आहे. माझा मोठा भाऊ प्यायचा. माझं लग्न व्हायचं होतं, घरात रोज तमाशा, आणि ओळखीच्या एका माणसानं मला गोळ्यांची पुडी आणून दिली. कुटून वरणात घालायच्या, त्याला कळू द्यायचं नाही. त्या रात्री तो कधी नव्हे ते न पिता घरी आला होता, म्हणून मला वाटलं हीच वेळ. मी वाढलं, तो जेवला, वरण दोनदा मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीवरून आला तो धड चालत नव्हता. तोंड भाजलेल्या विटेसारखं लाल, उलट्यांवर उलट्या, छाती दाबून ओसरीत आडवा पडला आणि म्हणत राहिला, "माय, मले वाचव." जीपमध्ये घालून नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी गप्प. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तोंड उघडलं.

भाऊ वाचला. पण पुढचे सहा-सात महिने त्यानं माझ्या हातचं वरण खाल्लं नाही. ताट वाढलं की बोटानं वाटी बाजूला सारायचा. भाकरीवर ठेचा घ्यायचा, पाणीसुद्धा स्वतः माठातून काढून प्यायचा. आणि दारू वाढली. भट्टीवरचा पेला त्याला घरच्या वरणापेक्षा भरवशाचा वाटायला लागला होता, आणि ते मी केलं होतं.

त्या गोळ्या डायसल्फिरामच्या होत्या, हे मला नंतर दवाखान्यात व्यसनमुक्तीच्या कामाला लागल्यावर समजलं. दारू पोटात गेली की शरीर आधी तिचं एक विषारी द्रव्य करतं, ॲसिटाल्डिहाइड, आणि लगेच ते पुढे मोडून टाकतं. ही गोळी ते मोडणं अडवते. विष अंगात साचतं. तोंड लाल होतं, काळीज धडधडतं, रक्तदाब खाली जातो. हृदय किंवा लिव्हर आधीच खराब असेल तर जिवावर बेततं. गोळी थांबवल्यावरही तिचा अंमल दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. औषध वाईट नाही. पण ते माणसाला सांगून, त्याची संमती घेऊन, रक्त तपासून, आणि शेवटच्या घोटाला निदान बारा तास उलटल्यावरच सुरू करायचं असतं. जो माणूस रोज सकाळी घरच्यांसमोर स्वतःच्या हातानं ती गोळी तोंडात टाकतो, त्याला तिचा उपयोग होतो. आज पिता येणार नाही हे त्यानं सकाळीच स्वतः ठरवून टाकलेलं असतं. लपवून दिली तर ठरवणारा तो राहतच नाही. तुझ्या पाकिटावर तर घटकही लिहिलेले नाहीत. जे बनवणाऱ्यानं तुझ्यापासून लपवलं, ते तू बाबांपासून लपवून त्यांच्या पोटात घालणार, असा तो सगळा व्यवहार आहे.

आता त्या तिसऱ्या रात्रीचं. तुझ्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे, आणि तुमच्या घरानं तिचा नेमका उलटा अर्थ लावला आहे.

रस्सीखेच पाहिली असशील. दोन्ही बाजू जोर लावून ओढत असतात तोवर दोर जागेवर राहतो. एका बाजूनं एकदम सोडून दिलं तर दुसरी बाजू पाठीवर आपटते. दारू मेंदूला मंद करत असते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून स्वतःला जागं ठेवायला शिकतो. मग एके दिवशी शपथ घेतली, दारू थांबली, पण मेंदूचा जोर तसाच. सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, फीट आल्यासारखे. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना उंदीर दिसतात, मुंग्या दिसतात, बोलणारी माणसं दिसतात, आपली माणसं ओळखू येत नाहीत. याला डिलिरियम म्हणतात. व्यसनमुक्ती केंद्रांमधली मुलं या सगळ्या त्रासाला ‘टर्की’ म्हणतात. उपचार मिळाला नाही तर यात माणूस दगावतो, म्हणून आईची भीती खोटी नाही. अर्धा पव्वा पाजल्यावर बाबा शांत का झाले, तेही आता तुला कळलं असेल. सुटलेला दोर कोणीतरी पुन्हा धरला.

शपथ मोडली म्हणून महाराज कोपले, असं आईच्या मनात असेल तर तिला जवळ बसवून सांग, की तुझ्या देवाचं काही चुकलं नाही आणि तुझ्या श्रद्धेचंही नाही. बाबांनी शपथ पाळली होती, दोन दिवस पाळली होती, आणि पाळली म्हणूनच तो त्रास झाला. तेव्हा घरी ठेवायला नको होतं, दवाखान्यात न्यायला हवं होतं, एवढीच ती चूक. अर्ध्या पव्व्याचं काम दवाखान्यात गोळ्या करतात. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारख्या. पहिल्या दिवशी जास्त, मग रोज कमी, आणि पाच ते दहा दिवसांत बंद. दोर हळूहळू सैल सोडायचा. आणि या गोळ्या मेडिकल स्टोअरमधून आणून घरी चालू ठेवायच्या नाहीत, हे आत्ताच मनात पक्कं कर. त्यांचीही सवय लागते. एक बाटली सुटून दुसरी पट्टी धरलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट, कारण आपल्याकडे अशा वेळी पहिला शब्द निघतो तो "सलाईन लावा". रोज पिणाऱ्याच्या अंगातलं बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपत आलेलं असतं. जेवण कमी, आणि जेवलेलंही अंगी लागत नाही. अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं बी-१ त्यातच खर्ची पडतं. डोळे भिरभिरतात, पाय लटपटतात, माणूस भ्रमिष्ट होतो, आणि पुढे आठवण कायमची जाऊ शकते. म्हणून गावात कोणी बाटली लावायला आलं तर एवढंच म्हण, "आधी थायमिनचं इंजेक्शन." समोरच्याला हा शब्द माहीत नसेल तर बाटली लावून घेऊ नको, गाडी काढ.

तेव्हा माझं पहिलं सांगणं तुला विचित्र वाटेल. दवाखान्यात पोचेपर्यंत बाबांची दारू घरात जबरदस्तीनं तोडू नका. बाटली ओतून देऊ नका, कोंडून ठेवू नका. निघायच्या सकाळी हात थांबण्यापुरतं त्यांनी घेतलं तर त्यावरून भांडू नका. डॉक्टरांना खरं सांगा, शेवटचं किती आणि किती वाजता.

कुठे जायचं? आधी १४४१६ ला फोन कर. ही टेलि-मानस नावाची सरकारी सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलतात. दारू आणि नशेसाठीच असलेला दुसरा सरकारी नंबर १४४४६. मग यवतमाळ. तिथलं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, ज्याला सगळे नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात, तिथे मानसोपचार विभाग गाठायचा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचं मेडिकल, तिथेही हा विभाग आहे. दार उघडताना आई दचकेल, "यायले काय येड लागलं का?" तिला सांग, तसं काही नाही, दारूचा उपचार याच विभागात होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारूच्या आहारी गेल्यानं होणाऱ्या अवस्था स्पष्ट शब्दांत आजारात धरल्या आहेत. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं. रोग आहे.

जाताना एका कागदावर लिहून ने. किती वर्षांपासून, दिवसाला किती पव्वे, देशी की मोहाची, मागच्या श्रावणातली ती रात्र जशीच्या तशी, कधी फीट आली का, कावीळ झाली का, पायावर-पोटावर सूज, काळी संडास, कोणत्या गोळ्या चालू आहेत. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांसमोर तुला पाच-सात मिनिटं मिळतील, आणि बाबा तिथे "कधीमधी घेतो" असंच म्हणणार. सगळेच म्हणतात. मागच्या वेळचे उंदीर सांगायला विसरू नको. एकदा डिलिरियम झालेल्या माणसाला पुन्हा होण्याचा धोका जास्त, त्यावरून भरती करायची की नाही ते ठरतं.

गाडी पाठवून माणूस उचलून नेतो, म्हणणारी केंद्रं तुला मोबाईलवर दिसतील. जाहिरातीवरून पावडर मागवलीस, म्हणून हे बजावून सांगते. नोंदणीचं प्रमाणपत्र मागायचं, डॉक्टर रोज येतो का विचारायचं, घरच्यांना भेटू देतात का विचारायचं. साखळीनं बांधायला वर सांगितलेल्या कायद्यातच बंदी आहे. जिथे मारहाण होते तिथून माणूस महिनाभर कोरडा होऊन येतो आणि बसस्टँडवरच उतरून पितो, घरच्यांवरचा सूड म्हणून. चांगली केंद्रंही आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीतून. पण तुमच्यासाठी पहिली पायरी यवतमाळच. धोक्याचे पहिले दिवस सरकारी वॉर्डात निघाले की पुढचं ठरवता येतं.

आता बाबांना तयार कसं करायचं. रात्री बोलू नको, ते त्यांना आठवणार नाही. पहाटेही नको, तेव्हा त्यांना पव्व्याशिवाय काही सुचत नसतं. सकाळचा पहिला घोट गेल्यावर हात थांबतात आणि नशा अजून चढलेली नसते, तो तास-दीड तास तुझा. ओसरीत नको, शेजारी ऐकतात. वावराच्या धुऱ्यावर जाऊन बस.

आणि "दारू सोडा" म्हणू नको. ते त्यांनी हजारदा ऐकलंय, स्वतःही स्वतःला म्हटलंय. बटनांबद्दल बोल. "बाबा, सकाळी तुमचे हात कापतात. त्यावर दवाखान्यात गोळ्या आहेत. मागच्या श्रावणात झालं तसं होऊ न देता थांबवता येते. मी डॉक्टरांशी बोललो, मी सोबत राहतो." तुझे बाबा आता मजेसाठी पीत नाहीत. तिसऱ्या रात्रीच्या भीतीनं पितात. ती भीती कोणी बोलून दाखवत नाही आणि सगळे त्यांच्या मस्तीबद्दल बोलतात, म्हणून ते कोणाचंच ऐकत नाहीत.

मग बॅगेतून ते पाकीट काढ आणि त्यांच्यासमोर ठेव. "हे मी तुमच्या भाजीत टाकायला मागवलं होतं. टाकलं नाही." त्याचं काम हेच. चिडतील, उठून जातील, दोन दिवस बोलणार नाहीत. चालेल. या घरात माझ्यापासून लपवून काही होत नाही, एवढं त्यांना कळलं की पुढच्या गोळ्या ते तुझ्या हातून घेतील. मला माझ्या भावाकडून ते परत मिळवायला कितीतरी दिवस लागले. यवतमाळला जाताना पाकीट डॉक्टरांनाही दाखव.

पहिल्या बोलण्यात हो म्हणतीलच असं नाही. चार दिवस सोडून पुन्हा धुऱ्यावर जा. मामा, एखादा मित्र, ज्याचा शब्द ते मानतात असा एकच माणूस सोबत घे. पंचायत बसवू नको.

"पोळा झाला की पाहू" याला तुझ्याजवळ उत्तर आहे. तुझ्या पत्रावर आषाढी एकादशीनंतरची तारीख आहे, म्हणजे पोळ्याला अजून महिना-सव्वा महिना आहे. डवरणीला आठ-दहा दिवस माणूस लावा, मी मजुरी लिहून बघितली, तेवढ्या दिवसांच्या त्यांच्या पव्व्यांतच ती निघते. खांदशेकणीला हळद-लोणी घेऊन बैलांसमोर ते उभे राहतील, शिंगांना बेगड चिकटवतील, ते कापत्या हातानं की थांबलेल्या हातानं, एवढंच विचार. शेतकऱ्याला बैलांसमोर हात कापलेले आवडत नाहीत.

पण पोळ्याचा दुसरा दिवस, कर, तो मला जास्त घाबरवतो. गावभर पत्ते आणि बाटल्या. वॉर्डातून येऊन जेमतेम तीन आठवडे झालेला माणूस त्या दिवशी गावात ठेवू नये. बाबांना घेऊन आत्याकडे जा, मावशीकडे जा, कुठेही. तसाच दुसरा दिवस कापसाच्या चुकाऱ्याचा. पैसे हिसकून घेऊ नका, त्यानं माणूस चिडतो. वॉर्डात असतानाच त्यांना विचारा, "चुकारा झाला की तुम्हाला काय सोपं जाईल?" बहुतेक माणसं स्वतःच सांगतात, खातं बायकोच्या नावावर करा, किंवा त्या दिवशी पोरगा सोबत असू दे. आणि तरीही एखाद्या दिवशी घसरले, तर "गेलं सगळं पाण्यात" म्हणून आकाश कोसळवू नका. त्याच आठवड्यात परत ओपीडी. दारूची ओढ कमी करणारी नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशीही औषधं आहेत, लिव्हर पाहून डॉक्टर ठरवतील.

गोळ्यांनी हात थांबतात. संध्याकाळचे सात वाजले की पाय पानठेल्याकडे वळतात, त्याला माणसं लागतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, लोक एए म्हणतात, १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्या माणसांनी सुरू केलं. त्यातला एक डॉक्टर होता. फी नाही, नाव-गाव सांगावं लागत नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. नागपूर-अमरावतीकडे सभा भरतात, फोनवर आणि मोबाईलवरही भरतात. तुमच्या सर्वांत जवळची सभा कुठे ते वॉर्डातल्या समाजसेवकाला विचार, त्यांना ठाऊक असतं. माझा भाऊ शेवटी तिथेच थांबला. कोणाच्या उपदेशानं नाही. एक सायकल दुरुस्त करणारा माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मी पोरीच्या गुल्लकातले पैसे काढून प्यालो. भावाला वाटलं होतं की असं फक्त त्यानंच केलंय. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला. "फक्त आजच्या दिवसापुरती नाही घ्यायची," असं ते म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणतात.

तू पत्राच्या समासात लिहिलंस, की आई बचत गटाच्या बायकांसोबत गावातलं देशीचं दुकान बंद करायच्या मागे आहे. जरूर करू दे. २००८ च्या नियमानं गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या बाजूनं, मत दिलं तर दुकान बंद होतं. पण बाबांचा उपचार त्याच्या निकालापर्यंत थांबवू नका. वर्ध्यात कित्येक दशकांची दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदीनं नवीन पोरं वाचतात, गावातल्या बायकांना श्वास मिळतो, मी बंदीच्या बाजूचीच आहे. तरी ज्याचे हात सकाळी कापतात त्याला दवाखाना लागतोच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेच्या सोबतीनं २०१६ पासून मुक्तिपथ हे दारू-तंबाखू सोडवायचं काम चालू आहे, तिथे बंदी असूनही पिणाऱ्यांसाठी तालुक्याला दवाखाने चालवावे लागतात.

आज रात्री करायचं एक काम. फवारणीचे दिवस आहेत, घरात औषधाचे डबे असतील. आपल्याकडे वावरात मारायच्या विषालाही औषधच म्हणतात. ते डबे आज घराबाहेर काढ. कुलपाच्या खोलीत, नाहीतर भरवशाच्या शेजाऱ्याकडे, किल्ली तुझ्याजवळ. पिणाऱ्या माणसाला रात्री एकच क्षण वाईट येतो, आणि हाताशी डबा नसेल तर तो क्षण निघून जातो. दारू तोडल्यानंतरचे पहिले महिनेही उदास जातात, म्हणून वॉर्डातून आल्यावरही डबे परत घरात नको.

आणि आई. ते पुन्हा अंगावर धावले तर तू मध्ये पडून त्यांच्याशी झोंबू नको. आईला आणि बहिणीला घेऊन घराबाहेर पड, दार ओढून घे, ११२ लाव. आईला स्वतःला बोलायचं असेल तर १८१. रोग आहे म्हणून मार खाल्ला पाहिजे, असं कुठल्याही डॉक्टरनं सांगितलेलं नाही. बाबांनी आजार मागून घेतला नव्हता, पण उपचार घ्यायचे की नाही हे त्यांच्या हातात आहे, आणि आईच्या अंगावर गेलेल्या हाताचा जाब त्यांना द्यावाच लागेल. हे तुझ्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर.

तू मारलंस, त्याबद्दल. तुझं ते वाक्य मी तीनदा वाचलं. आईसाठी ढकललंस ते समजतं. खाली पडल्यावर मारलंस ते तुला सलतंय, आणि सललं पाहिजे, पण असं एकट्यानं पोटात ठेवून नाही. बाबांना आत्ता सांगू नको, ते ओझं आत्ता त्यांना पेलणार नाही, आणि पिण्याला एक निमित्त मिळेल. १४४१६ वर स्वतःसाठी फोन कर. बाबांचा विषय न काढता, फक्त त्या रात्रीबद्दल बोल. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे गट आहेत, तेही फुकट आणि निनावी, तिथे तुझ्यासारखी मुलं सापडतील. बाबा तीन-चार महिने कोरडे राहिले की मग एखाद्या संध्याकाळी, धुऱ्यावरच, त्यांना सांग. बहुतेक त्यांना थोडंफार आठवत असेलही.

बहीण दहावीला आहे म्हणालास. तिला यातलं सगळं सांग, तिच्या वयाला झेपेल तसं. बाबांना उंदीर दिसले त्या रात्री तीही त्याच घरात होती, आणि तिला कोणी काही समजावलं असेल असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही.

यवतमाळला जाऊन आलात की मला एक ओळ लिही. नाही जमलं, बाबा मधल्याच स्टँडवर उतरून परत फिरले, तरी लिही.

तुझी,
ताई